मंगळवारचं जेवण

मंगळवारी कौशल्याक्काच्या वाटेला जायचं नाही, हे बंगळूरच्या चिकपेटमधल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी बाई मायाळू, बोलघेवडी, दारात आलेल्याला ताकाशिवाय न सोडणारी. पण मंगळवारी तिचा बनशंकरी देवीचा उपास असायचा, आणि तिच्या लेखी उपास म्हणजे चेष्टा नव्हती. दुपारी बसने देवळात जायचं, राहुकाळात अर्ध्या लिंबाच्या सालीत तूप घालून दिवा लावायचा, आणि घरी येऊन मूठभर साबुदाणा खायचा. त्या दिवशी तांदळाच्या डब्याला हातही लावायची नाही. हा नवस तिने स्वतःसाठी केलेला नव्हताच मुळी. धाकट्या भावाच्या पोटासाठी केला होता.

भाऊ म्हणजे योगीराज. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि कौशल्या परकर नेसायची. तिनेच त्याला भरवलं, तिनेच त्याची ढुंगणं धुतली. लग्न होऊन दावणगेरेला गेली, पण नवरा लवकर वारला, आणि ती परत आली ती भावाकडेच, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. माणसं भावसार, म्हणजे मूळची कापड रंगवणारी. आजोबांनी रंगाच्या कढया विकून साड्यांचं दुकान घातलं, तेच हे दुकान. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि भांडण झालं तर दोन्ही.

योगीराज विशीत असताना त्याला रक्त पडायला लागलं. आधी सगळ्यांनी मूळव्याध म्हणून सोडून दिलं. अक्काने महिनाभर सुरण खाऊ घातला. पोरगा वाळत चालला, दिवसातून कितीदा धावायचा त्याला सुमार राहिला नाही, तेव्हा कुठे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर कृष्णमूर्तींकडे नेलं. ते पोटाचे डॉक्टर, बोलायला अगदी मोजके. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं आणि कन्नडमध्ये सांगितलं की मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत, हा आजार कायमचा जाणार नाही, पण औषधाने शांत राहील. नारिंगी रंगाच्या गोळ्या लिहून दिल्या. "जेवणानंतर घ्यायच्या. रिकाम्या पोटी अजिबात नको, उलटी होईल." एवढं बोलून ते पुढच्या रोग्याकडे वळले.

कौशल्याक्काने ते वाक्य पदराला गाठ मारून घरी आणलं. जेवण झालं की पाण्याचा तांब्या आणि गोळी, मग दुकानात गिऱ्हाईक खोळंबो की पाहुणा. योगीराज चेष्टा करायचा, "अक्का, मी चाळिशीचा होईन तरी तू माझं तोंड उघडून बघशील." ती बघायचीही.

उपासाच्या दिवशी मात्र गोळी नसायची. कारण उघडच होतं. उपासाला जेवण कुठे असतं? फराळ असतो. साबुदाणा, वरी, एखादं केळं. याला कोण जेवण म्हणतं? रिकाम्या पोटी द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, मग ती देणार तरी कशी? नवस अक्काने बोललेला असला तरी पोट योगीराजचं होतं, त्यामुळे उपास दोघांचा. आणि गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, वाईटच म्हणायचं, की उपासाला त्याचं पोट खरंच हलकं असायचं. पोटात काही गेलंच नाही तर धावायला लागणार कुठून? पण अक्काला वाटायचं, देवी पावतेय. मग मंगळवाराला एकादशी जोडली, चतुर्थी जोडली, श्रावणातले सोमवार आले, नवरात्राचे नऊ दिवस आले. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातली विठाबाई नवीन नवीन व्रतं सुचवायला बसलेलीच होती. काही महिन्यांत तर गोळीचे दिवस कमी आणि बिनगोळीचे जास्त व्हायचे. कुणाला दोष द्यायचा, तुम्हीच सांगा. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही की तुम्ही रोज जेवता का. असा प्रश्न कुठला डॉक्टर विचारेल?

वर्षं गेली. योगीराज गादीवर बसून साड्या उलगडायचा, बायकांना हसवायचा, आणि मधेच "स्वल्प थांबा हं" म्हणून मागच्या दाराने पळायचा. लग्न जमत आलं की स्वतःच मोडायचा. "वरातीतून उतरून संडास कुठे शोधू, अक्का?" म्हणून हसायचा. तिला हसू यायचं नाही. पण रक्त थांबलं होतं, दुकान चाललं होतं, आणि डॉक्टरांनी पुन्हा दुर्बिणीला बोलावलं की तो म्हणायचा, बरं तर आहे, कशाला उगाच.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याने पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. पावसाळ्यात अजून एक. गौरीच्या सुमारास पोट असं फुगलं की त्याला रिक्षात घालून इस्पितळात न्यावं लागलं. पोट उघडलं, आणि आतली गाठ बघून डॉक्टरांनी अन्न पुढे जाण्यापुरती वाट करून दिली व पुन्हा शिवून टाकलं. कॅन्सर आतड्यातून यकृतापर्यंत पोचला होता. कृष्णमूर्तींनी अक्काला बाजूला घेऊन हे सांगितलं तेव्हा ती नुसती मान हलवत राहिली. त्यांना वाटलं, बाईला कळलं नाही. तिला सगळं कळलं होतं. तिचा योगी जाणार होता.

त्या दिवसापासून तिला एकाच गोष्टीने पछाडलं. हे आलं कुठून? घरात तंबाखू नाही, दारू नाही, बाहेरचं खाणं नाही. एवढे उपास, एवढे दिवे. तिचं काही चुकलं नसेल तर मग कुणाचं चुकलं? ज्याला त्याला विचारत सुटली. नर्सला विचारलं, झाडूवालीला विचारलं. शेवटी वॉर्डात रोज यायची त्या शाल्मलीला गाठलं.

शाल्मली पुण्याची. शिकून इकडे आलेली तरुण डॉक्टर, कृष्णमूर्तींच्या हाताखाली काम करायची, आणि उरलेल्या वेळात इस्पितळातल्याच प्रयोगशाळेत ह्याच आजाराचा अभ्यास करायची. कोरमंगलात मुलींच्या वसतिगृहात राहायची; मराठी ऐकायला मिळतं म्हणून योगीराजच्या खाटेपाशी जरा रेंगाळायची. तो तिला साड्यांचे भाव सांगायचा आणि म्हणायचा, लग्नाची साडी माझ्याकडनं घे, डॉक्टरबाई, पण लवकर ठरव.

"मावशी, चला," शाल्मली म्हणाली. "सांगण्यापेक्षा दाखवते."

प्रयोगशाळेत तिने अक्काला स्टुलावर बसवलं, सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी सरकवली. "हा योगीराजकाकांच्या आतड्याचा तुकडा. पहिल्यांदा दुर्बीण घातली तेव्हा काढलेला. इतकी वर्षं इथे जपून ठेवलेला आहे. एक डोळा मिटून बघा."

अक्काने बघितलं. गुलाबी रंगावर निळ्या ठिपक्यांची गर्दी.

"हे असंच असतं आत? रंगीत?"

"नाही, रंग आम्ही देतो. नाहीतर काही दिसतच नाही. हा निळा एका झाडाच्या लाकडातून काढतात."

"आमचे आजोबा पतंगाच्या झाडाच्या लाकडातून लाल काढायचे," अक्का म्हणाली. परक्या जागेत ओळखीचं काहीतरी सापडलं म्हणून तिला जरा धीर आला. "मग हे ठिपके कसले?"

"पांढऱ्या पेशी. शरीराच्या राखणदार. बाहेरून जंतू आला की त्याला मारायचं हे त्यांचं काम. आतड्यात रोज बाहेरचं अन्न जातं, तिथे जंतू कायमचे वस्तीला असतात, म्हणून या पेशीही तिथे सगळ्यात जास्त. पण शहाण्या असतात. रोजच्या ओळखीच्या जंतूंना काही करत नाहीत. काकांच्या पोटात मात्र त्यांना ती ओळख पटेनाशी झाली. शत्रू नसताना लढत राहिल्या, आणि त्या मारामारीत आतड्याचं अस्तर फाटत राहिलं."

"अस्तर," अक्का म्हणाली. हा शब्द तिला ठाऊक होता.

"फाटलं की शरीर नवं तयार करतं. ते पुन्हा फाटतं, पुन्हा करतं. वर्षानुवर्षं तेच. एवढ्या घाईघाईत नव्या पेशी करताना कधीतरी एखादी चुकीची होते. एकच. आणि ती वाढतच सुटते." शाल्मलीने दुसरी पट्टी लावली. "ही आत्ताच्या गाठीची."

आता आकार वेडेवाकडे होते, एकमेकांवर चढलेले. पण निळे ठिपके इथेही होते, गाठीच्या कडेकडेने दाटलेले.

"हे तेच ना? राखणदार?"

"तेच."

"मग मारत का नाहीत तिला? उभे काय राहिलेत?"

"काही मारायला बघतात. काही नुसत्या जमलेल्या असतात. आणि काही," शाल्मलीने पट्टी जरा सरकवली, "काही त्या गाठीलाच पोसतात, असं आता वाटायला लागलंय. जखम भरायला जे रस सोडायचे, ते तिला मिळतात. आपण बरंच करतोय असं समजून करत असतील. का, ते अजून नीट कळलेलं नाही. मी तेच शोधतेय."

अक्काने डोळा काढला नाही. आपल्याच घरची माणसं, आणि चांगलं करतोय म्हणून काय खाऊ घालताहेत. तिला त्यांचा राग आला नाही, उलट कीव आली.

"मग यांना आवरायचं कसं?"

"काकांच्या त्या नारिंगी गोळ्या त्यासाठीच. या पेशींना शांत ठेवायला. रोज घेतल्या तर आत सूज धुमसत राहत नाही. बरं वाटत असलं तरी रोज घ्यायच्या असतात."

"गोळी कधी चुकवली नाही मी," अक्का ताठ बसली. एवढी एक गोष्ट तरी तिच्या बाजूची होती. "जेवण झालं की गोळी. विचार त्याला. उपास सोडून एक दिवस चुकवला असेल तर सांग."

"उपास सोडून म्हणजे?"

"उपासाला कशी देणार? जेवण कुठे असतं तेव्हा? फराळ असतो."

शाल्मली पुण्याच्या घरातली. तिला एक अक्षरही समजावून सांगावं लागलं नाही. कृष्णमूर्तींनी हे ऐकलं असतं तर कदाचित चार प्रश्न विचारले असते. हिने फक्त हळूच विचारलं, "उपास किती असायचे, मावशी?" आणि अक्का मोजायला लागली. मंगळवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी, श्रावण, नवरात्र. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. समोरची पोरगी सूक्ष्मदर्शकाचं चाक उगाच फिरवत होती.

"चालतं तसं," शाल्मली म्हणाली. "एखादा दिवस इकडेतिकडे."

"खोटं बोलू नकोस. मुलीसारखी आहेस."

शाल्मलीने चाक सोडलं. "फराळावर दिली असती तरी चाललं असतं, मावशी. पोटात काहीतरी असलं की झालं. रोज जायला हवी होती. पण रोज घेणाऱ्यांनाही कधीकधी कॅन्सर होतो. तुमच्यामुळे झाला असं मी म्हणू शकत नाही. एरवी झाला नसता, असंही म्हणू शकत नाही. आम्ही विचारायला हवं होतं. कुणी विचारलंच नाही."

"सरी, बरं," अक्का म्हणाली, आणि उठली. जिन्यात तिला आपण वर चाललोय की खाली ते कळेना. भिंतीला टेकून ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन भावाकडे गेली आणि त्याला म्हणाली, औषधाच्या वासानं डोळे झोंबले.

इस्पितळातून त्याला घरी आणलं. कृष्णमूर्तींनी नारिंगी गोळ्या बंद करून टाकल्या होत्या. आता फक्त दुखणं कमी करणारं औषध. पण घरात जुनी बाटली होती. मंगळवार आला तेव्हा अक्काने मऊ भात केला. त्या वारी पहिल्यांदाच तिने तांदळाच्या डब्यात हात घातला. योगीराजला बसवून चार घास भरवले, आणि पुढे पाण्याचा पेला आणि नारिंगी गोळी धरली.

त्याने गोळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आज मंगळवार ना, अक्का?"

"घे."

"ही तर बंद केलीय."

"घे म्हणते ना."

त्याने घेतली. काही उपयोग नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "शाल्मलीनं सांगितलं वाटतं."

अक्का भांडी आवरायला लागली. तो म्हणाला, "भांडी ठेव. बस इथे." लहानपणापासून तिने त्याला बस म्हटलं होतं, त्याने तिला म्हणायची ही पहिलीच वेळ. ती बसली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "रोज घ्यायची ते. डॉक्टर दर वेळी विचारायचे, रोज घेतोस ना, आणि मी हो म्हणायचो. मला त्या गोळीनं मळमळायचं, अक्का. मंगळवार माझा सुटीचा दिवस होता. तुझ्या देवीच्या आड लपून मी सुटी घ्यायचो. यात तुझं काही नाही."

तो तिच्या डोळ्यांत बघून बोलत होता, आणि गिऱ्हाइकाला रंग पक्का आहे म्हणून सांगताना तो अगदी असाच बघायचा. खरं असेल. नसेलही. तिला आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा चेहरा वाचता आला नाही, आणि विचारायचीही हिंमत झाली नाही.

"तू जेवलीस?" त्याने विचारलं.

"मी कशी जेवणार? नवस आहे."

"आणि तुझी रक्तदाबाची गोळी? तीही जेवणानंतरची ना?"

दर मंगळवारी, दर एकादशीला तिची गोळीही डब्यातच राहायची. डोकं दुखायचं, तर ती उपासाचं म्हणून सोडून द्यायची.

"भात उरलाय," तो म्हणाला. "माझ्यासमोर जेव. एवढं ऐक माझं."

अक्काने पातेल्याकडे बघितलं. तिच्या मनात जे होतं ते ती बोलून गेली, "योगी, मी आज जेवले आणि तुला काही झालं तर? आता माझ्या हातात एवढंच उरलंय. तू बरा हो, मग मी रोज जेवीन." तिला शाल्मलीचं सगळं पटलं होतं, त्या निळ्या ठिपक्यांसकट. तरी ती भाताला शिवू शकली नाही.

तो हसला. "बरा झालो की, मग. सरी." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

दिवाळीआधीच तो गेला. सकाळची वेळ होती, खाली दुकानं उघडत होती, आणि अक्का त्याचे पाय चेपत होती. बराच वेळ ती तशीच चेपत राहिली.

सुतकात घरात चूल नव्हती. गल्लीतल्या बायका पाळीपाळीने जेवण आणून द्यायच्या. अक्का दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. विठाबाई सगळ्यांना सांगायची, रडत नाही हो, रडली तर बरं होईल.

मंगळवारी विठाबाई आपल्या घरून सगळ्यांसाठी भात आणि सारू, म्हणजे चिंचेचं सार, घेऊन आली. अक्कासाठी आठवणीने वेगळ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी आणली होती, दाण्याचं कूट जास्त घालून, तिला आवडायची तशी. डबा उघडून तिने अक्कासमोर ठेवला. "हे घे गं. तुझा उपास ठाऊक आहे मला. नवस त्याच्यासाठीच होता, पण सवय कुठे सुटते?"

अक्काने डब्याकडे बघितलं. मग तो बाजूला केला, विठाबाईच्या पातेल्यातून स्वतःच्या हाताने ताटात भात वाढून घेतला, वर सारू ओतलं, आणि कालवायला लागली. विठाबाईला वाटलं, दुःखाने हिला वार कळत नाही. तिने अक्काच्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्का, आज मंगळवार आहे."

"ठाऊक आहे."

तिने पहिला घास घेतला. पाण्याच्या घोटाबरोबर तो उतरवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ताटात पडत होतं, आणि ती एकेक घास घेत होती, लहान पोराला भरवावं तसा स्वतःला भरवत होती. पानात शीत ठेवलं नाही. मग हात धुऊन तिने फळीवरून आपल्या गोळ्यांचा डबा काढला.

"आज कसली गोळी?" विठाबाई म्हणाली. "उपासाला घेत नाहीस ना तू?"

"योगीनं सांगितलंय," कौशल्याक्का म्हणाली. "जेवणानंतर घ्यायची असते. रोज."

गोळी घेऊन तिने पेला पालथा घातला, आणि विठाबाईचा खिचडीचा डबा झाकण लावून तिला परत दिला.